‘अलकनंदा’ : १२ अब्ज वर्षांपूर्वीची कहकशां आणि पुण्यातील शोध

नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधक राशी जैन आणि प्राध्यापक योगेश वाडदेकर यांनी एका अतिदूरच्या दीर्घिकेचा शोध जाहीर केला. तिचं नाव त्यांनी ‘अलकनंदा’ ठेवलं. वर्तमानपत्रांत बातमी आली, मोबाईलवर रंगीत चित्रं फिरली आणि दोन-चार दिवसांत विषय मागे पडला. पण ही बातमी दोन मिनिटांत विसरण्यासारखी नाही. विश्व अगदी लहान वयाचं असताना एवढी नीटनेटकी दीर्घिका तयार झाली होती, हे शास्त्रज्ञांनाही सहज पचलेलं नाही. त्यात असं काय आहे आणि एवढ्या लांबची गोष्ट त्यांना कळली कशी, हे घरात बसून सगळ्यांना समजेल अशा भाषेत पाहू या.

दीर्घिका म्हणजे काय?

आपला सूर्य एकटा नाही. तो अब्जावधी ताऱ्यांच्या एका प्रचंड वस्तीत राहतो. या वस्तीला मराठीत आकाशगंगा म्हणतात, उर्दूत कहकशां. कहकशां हा मूळ फारसी शब्द. ‘काह’ म्हणजे वाळलेलं गवत, पेंढा. पेंढ्याचा भारा ओढत नेताना वाटेवर काड्या सांडत जाव्यात, तसा आकाशातला तो पांढुरका पट्टा जुन्या लोकांना दिसला, म्हणून हे नाव.

आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या इतर वस्त्यांना मराठीत दीर्घिका म्हणतात. काही दीर्घिका अंड्यासारख्या गोल-लांबट असतात, काहींना आकारच नसतो, आणि काही चकतीसारख्या चपट्या असून त्यांच्या मध्यापासून वळणदार हात बाहेर पसरलेले दिसतात. या तिसऱ्या प्रकाराला सर्पिल दीर्घिका म्हणतात. आपली आकाशगंगा सर्पिल आहे. शेजारची देवयानी, म्हणजे अँड्रोमेडा, हीसुद्धा सर्पिलच.

या देवयानीची सगळ्यात जुनी ज्ञात लेखी नोंद अब्दुर्रहमान अल-सूफी यांची आहे. इराणच्या इस्फहान शहरात काम करणाऱ्या या खगोलशास्त्रज्ञाने इ.स. ९६४ च्या सुमारास ताऱ्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात या ठिकाणी एक ‘लहानसा ढग’ दिसतो असं नमूद केलं. दुर्बीण यायला तेव्हा अजून साडेसहाशे वर्षं होती. अल-सूफींनी दीर्घिका शोधली असं मात्र म्हणू नये. तो ढग म्हणजे ताऱ्यांची स्वतंत्र वस्ती आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांचा मोठेपणा वेगळा आहे. जे डोळ्यांना दिसलं ते त्यांनी जसंच्या तसं लिहून ठेवलं, वर आपल्या मनाचं काही घातलं नाही.

पुढे १८४५ मध्ये आयर्लंडच्या लॉर्ड रॉस यांना त्यांच्या भल्यामोठ्या दुर्बिणीतून एका अशाच ‘ढगाला’ वळणदार हात दिसले. आणि एडविन हबल यांनी १९२३ नंतर देवयानीतले काही खास तारे मोजून दाखवून दिलं की ती आपल्या आकाशगंगेच्या फार बाहेर आहे. आज तिचं अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं धरतात. म्हणजे विश्वात आपल्यासारख्या अनेक कहकशां आहेत, ही गोष्ट माणसाला कळून अजून धड शंभर-सव्वाशे वर्षंही झालेली नाहीत.

लांब पाहणं म्हणजे मागे पाहणं

प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. तरी सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला ८ मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणजे आपण पाहतो तो सूर्य ८ मिनिटांपूर्वीचा. देवयानी दिसते ती २५ लाख वर्षांपूर्वीची. गावाकडून निघालेलं पत्र जसं निघतानाची खबर सांगतं, पोहोचतानाची नाही, तसंच हे.

अलकनंदेचा जो प्रकाश दुर्बिणीत उतरला, तो १२ अब्ज वर्षांहून अधिक काळ प्रवास करत होता. एक अब्ज म्हणजे १०० कोटी. विश्वाचं वय आज सुमारे १३.८ अब्ज वर्षं मानतात. म्हणजे हा प्रकाश निघाला तेव्हा विश्व फक्त दीड अब्ज वर्षांचं होतं.

आकडे मोठे आहेत, म्हणून एक सोपा हिशोब करू. विश्वाचं आजवरचं सगळं आयुष्य एका दिवसात बसवलं आणि सुरुवात रात्री १२ वाजता धरली, तर अलकनंदेचा प्रकाश निघाला रात्री अडीचच्या सुमारास, सहरीला उठायच्याही आधी. आपला सूर्य आणि पृथ्वी जन्मले दुपारी ४ वाजता, म्हणजे साधारण असरच्या वेळी. आणि आपण आत्ता मध्यरात्री १२ च्या ठोक्याला तो प्रकाश पाहतो आहोत. तो निघाला तेव्हा त्याला पाहणारं कुणी नव्हतं. पृथ्वीच नव्हती.

इथे एक गोंधळ होतो तो दूर करू. बातम्यांत ‘१२ अब्ज प्रकाशवर्षं दूर’ असं छापून येतं. ते प्रकाशाच्या प्रवासाच्या वेळेपुरतं खरं आहे. पण प्रकाश वाटेत असताना विश्व पसरत राहिलं. त्यामुळे ती दीर्घिका जिथे होती, ती जागा आज आपल्यापासून सुमारे २४ अब्ज प्रकाशवर्षं अंतरावर गेली आहे. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. एक वेळेचा आहे, दुसरा आजच्या अंतराचा.

एवढ्या लांबचं कळलं कसं?

हा प्रश्न वर्गातली मुलं हटकून विचारतात आणि तो विचारायलाच हवा. तिकडे जाऊन कुणी आलेलं नाही, मग वय, अंतर, वजन कुठून आलं?

पहिलं साधन म्हणजे जेम्स वेब अंतराळ दुर्बीण. २५ डिसेंबर २०२१ रोजी ती सोडली गेली आणि २०२२ च्या जुलैपासून तिची चित्रं जगाला मिळू लागली. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर दूर राहून ती काम करते. तिचा आरसा १८ तुकड्यांचा आणि साडेसहा मीटर रुंदीचा आहे. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश तिला दिसतो, आणि नेमका तोच इथे लागतो.

का लागतो? पायजम्याच्या इलॅस्टिकवर पेनाने जवळजवळ रेघा ओढा आणि ते ताणा. रेघांमधलं अंतर वाढतं. प्रकाशाच्या लहरींचंही तसंच होतं. विश्व पसरतं तशा वाटेतल्या लहरी ताणल्या जातात. निळा प्रकाश तांबड्याकडे सरकतो आणि तांबडा अवरक्तात जातो. शास्त्रज्ञ याला ताम्रसृती म्हणतात. अलकनंदेची ताम्रसृती सुमारे ४.०५ आहे, म्हणजे तिच्या लहरी निघतानाच्या मानाने पाचपट लांब झाल्या आहेत. किती ताण बसला यावरून प्रकाश कधी निघाला ते काढता येतं. १९९० पासून काम करणाऱ्या हबल दुर्बिणीला एवढा ताणलेला प्रकाश पुरेसा पाहता येत नाही. म्हणून इतक्या दूरच्या अनेक दीर्घिका तिच्या चित्रांत नुसते वेडेवाकडे ठिपके वाटायच्या.

दुसरं साधन म्हणजे गाळणी. पिठाच्या चाळण्या जशा बारीक-जाड असतात, तशी ही दुर्बीण एकेका चाळणीतून प्रकाशाचा ठराविकच भाग आत घेते. आकाशाच्या या भागाची चित्रं अशा २१ वेगवेगळ्या गाळण्यांतून घेतलेली आहेत. नुकतेच जन्मलेले तारे तापलेले आणि निळसर असतात, जुने तारे पिवळट-तांबूस. तापलेल्या ताऱ्यांभोवतीचा वायू ठराविक रंगांतच चमकतो. कोणत्या गाळणीत दीर्घिका किती उजळ दिसते ते मांडलं की तिच्यात तारे किती, ते किती वयाचे, वाटेत धूळ किती आणि ताम्रसृती किती, याचा हिशोब जुळवता येतो.

तिसरी मदत मात्र माणसाने बनवलेली नाही. अलकनंदा आणि आपण यांच्या मध्ये ‘एबेल २७४४’ नावाचा दीर्घिकांचा एक जबरदस्त मोठा समूह आहे. त्याला पँडोराचा समूह असंही म्हणतात. त्याचं वजन इतकं आहे की त्याच्या गुरुत्वाकर्षणाने मागून येणारा प्रकाश वाकतो आणि एकवटतो. वाचनाच्या भिंगाने अक्षर मोठं दिसावं तसा हा प्रकार. या आयत्या भिंगामुळे अलकनंदा प्रत्यक्षापेक्षा जवळपास दुप्पट उजळ दिसली.

आणि एक सांगायला हवं. मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रांतले रंग डोळ्यांना दिसणारे नाहीत. अवरक्त प्रकाश आपल्याला दिसतच नाही, म्हणून तज्ज्ञ त्याच्या वेगवेगळ्या लहरींना निळा, हिरवा, तांबडा असे रंग नेमून देतात. चित्र खोटं नसतं. एक्स-रे काळा-पांढरा असला तरी हाड खरंच असतं ना, तसंच.

अलकनंदेत काय दिसलं?

तिला मध्यभागी एक तेजस्वी गाठ आहे, तिच्याभोवती सपाट चकती आहे आणि चकतीत दोन स्पष्ट, समोरासमोरचे, एकसारखे सर्पिल हात आहेत. असे ठसठशीत दोन हात असलेल्या दीर्घिकांना ‘ग्रँड डिझाइन’ सर्पिल म्हणतात. हातांवर जागोजागी तेजस्वी ठिपके आहेत, तसबीहच्या दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखे. तिथे नवे तारे जन्म घेत आहेत.

तिचा व्यास सुमारे ३० हजार प्रकाशवर्षं आहे, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या साधारण तिसरा हिस्सा. तिच्यातल्या ताऱ्यांचं एकूण वजन १० अब्ज सूर्यांहून जास्त आहे. आणि तिच्यात दर वर्षी सुमारे ६० सूर्यांच्या वजनाइतके नवे तारे तयार होत होते. आपल्या आकाशगंगेच्या आजच्या वेगाच्या हा २० ते ३० पट आहे.

सगळ्यात चकित करणारी गोष्ट तिच्या वयाची. तिच्यातले निम्मे तारे अवघ्या २० कोटी वर्षांच्या आसपासच्या काळात बनलेले आहेत. २० कोटी म्हणजे आपल्याला खूप वाटतात. पण आपला सूर्य आकाशगंगेच्या मध्याभोवती एक फेरी मारायलाच २२-२३ कोटी वर्षं घेतो. सूर्याची एक फेरी पूर्ण व्हायच्या आत तिकडे अर्धी वस्ती उभी राहिली!

नावाचंही ऐका. हिंदीत आपल्या आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात. मंदाकिनी आणि अलकनंदा या हिमालयातल्या दोन नद्या, त्या रुद्रप्रयागला एकमेकींना मिळतात. आपल्या आकाशगंगेशी एवढं साम्य असलेल्या दीर्घिकेला तिच्या बहिणीचं नाव दिलं गेलं.

मग शास्त्रज्ञ चकित का झाले?

कारण सर्पिल दीर्घिका बनायला वेळ लागतो, असा आजवरचा समज होता. आधी चहूबाजूंनी वायू गोळा व्हावा लागतो. तो फिरत फिरत आत येतो आणि फिरण्यामुळे चपटा होतो. रुमाली रोटी करणारा कारागीर पीठ हवेत फिरवतो तेव्हा ते पातळ होऊन पसरतं, तशी चकती तयार होते. मग ती चकती स्थिर व्हावी लागते. मध्येच दुसरी दीर्घिका येऊन धडकली तर सगळं विस्कटतं. सुरुवातीच्या विश्वात जागा कमी होती, दीर्घिका जवळजवळ होत्या, धडका वारंवार व्हायच्या. म्हणून त्या काळात सगळ्या दीर्घिका अस्ताव्यस्त, गोळाबेरीज झालेल्या असतील आणि सुबक सर्पिल फार उशिरा, सावकाश आल्या असतील, असं पुस्तकांत मांडलेलं आहे.

हातांचाही एक पेच आहे. हे हात म्हणजे ताऱ्यांच्या पक्क्या बांधलेल्या रांगा असत्या, तर आतले तारे फेरी लवकर पूर्ण करतात आणि बाहेरचे उशिरा, त्यामुळे थोड्याच फेऱ्यांत हात गुंडाळून नाहीसे झाले असते. १९६४ मध्ये लिन आणि शू या दोन शास्त्रज्ञांनी यावर सांगितलं की हात म्हणजे गर्दीची लाट आहे. घाटात एक जड ट्रक हळू चढत असला की त्याच्या मागे वाहनं दाटतात. पुढची निघून जातात, मागून नवी येतात, पण वरून पाहिलं तर दाटी कायम. गाड्या बदलतात, गर्दी राहते. दीर्घिकेच्या हातात तारे आणि वायू असेच येतात-जातात. वायू दाटला की नवे तारे जन्मतात आणि हात उजळून दिसतो.

अलकनंदेचे हात असेच लाटेने बनले असतील, तर तेवढी शांत आणि स्थिर चकती दीड अब्ज वर्षांच्या विश्वात आली कुठून? की शेजारून जाणाऱ्या एखाद्या लहान दीर्घिकेच्या ओढीने हात तयार झाले? तसं असेल तर असे हात फार काळ टिकत नाहीत, आणि नेमक्या त्याच वेळी ती आपल्या नजरेला पडली असं म्हणावं लागेल. याचा निकाल लागण्यासाठी चकतीतला वायू शिस्तीत फिरतो आहे की खळबळलेला आहे, हे मोजावं लागेल. त्यासाठी जेम्स वेबनेच तिचा वर्णपट घेणं किंवा चिलीतल्या ‘अल्मा’ या रेडिओ दुर्बिणींनी पाहणं, असे मार्ग आहेत.

अलकनंदा अशी एकटीच नाही. ‘अल्मा’ने २०२१ मध्ये याहून थोड्या आधीच्या काळातली एक सर्पिल रचना दाखवली होती. २०२५ मध्येच जेम्स वेबच्या चित्रांतून ‘झूलोंग’ नावाची आणखी जुनी, विश्व एक अब्ज वर्षांचं असतानाची सर्पिल दीर्घिका मांडली गेली. म्हणून अलकनंदेला ‘विश्वातली पहिली सर्पिल’ म्हणणं चूक ठरेल. पण तिचे दोन हात ज्या स्पष्टपणे दिसतात आणि २१ गाळण्यांमुळे तिच्याबद्दल जेवढं कळतं, त्यामुळे तिची साक्ष भक्कम आहे. एक साक्ष वेगळी पडली तर दुर्लक्ष करता येतं. अशा अनेक साक्षी एकामागून एक येऊ लागल्या की पुस्तकातलं प्रकरण पुन्हा लिहावं लागतं. सध्या तेच चाललं आहे. ‘आम्ही मानलं होतं त्यापेक्षा हे लवकर घडलं’ असं म्हणायला विज्ञानाला कमीपणा वाटत नाही.

आपल्या घरांसाठी यात काय?

एक शिक्षक म्हणून मला या बातमीतली एक गोष्ट पालकांपुढे ठेवायची आहे. ही दुर्बीण अमेरिका, युरोप आणि कॅनडाने मिळून बांधली. पण तिने या भागाची जी चित्रं घेतली ती जगातल्या सर्व संशोधकांसाठी खुली आहेत. पुण्यातल्या या दोघांनी तीच खुली माहिती घेतली, हजारो दीर्घिका चाळल्या आणि इतरांच्या नजरेतून सुटलेली एक शोधली. भांडवल होतं ते गणिताचं, भौतिकशास्त्राचं, संगणकाचं आणि सबुरीचं. ते आपल्या मोहल्ल्यातल्या मुला-मुलींनाही मिळवता येतं.

दहावीनंतर अनेक घरांत चर्चा ‘लवकर कमाई कशात’ इथेच संपते. मुलगी असेल तर ‘फिजिक्स घेऊन काय करणार, साधं काहीतरी घे’ असं सहज म्हटलं जातं. पैशाची अडचण खरी असते, ती मी नाकारत नाही. पण ज्या मुलीला आकाशाबद्दल प्रश्न पडतात, तिचा प्रश्न घरातच विझवू नका. अलकनंदा शोधणारी संशोधक एक तरुणी आहे, आणि ती पुण्यात बसून हे काम करते, हे मुलींना मुद्दाम सांगा.

सुरुवात करायला खर्च लागत नाही. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला याच पुण्याच्या केंद्राची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना तिथे पसरलेल्या आहेत. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे लोकांसाठी विज्ञान प्रदर्शन भरतं आणि शाळांची मुलं आपले प्रकल्प मांडतात. अलकनंदा या दुर्बिणीतून दिसलेली नाही, पण हे काम कसं चालतं ते तिथे डोळ्यांनी पाहता येतं. मुंबईकरांना वरळीचं नेहरू तारांगण जवळ आहे. घरी इंटरनेट असेल तर २००७ पासून चालणारा ‘गॅलेक्सी झू’ हा उपक्रम आहे. त्यात सामान्य लोक दीर्घिकांची खरी चित्रं पाहून ती सर्पिल आहे की गोल हे नोंदवतात, आणि त्या नोंदी संशोधनात वापरल्या जातात. काम इंग्रजीत असलं तरी आठवी-नववीच्या मुलाला सहज जमेल.

आणि यंदा हिवाळ्यात गावी गेलात तर अमावस्येच्या आसपास, लाईट नसलेल्या माळावर मुलांना घेऊन जा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मगरिबनंतर पूर्ण अंधार पडला की आकाशात उंचावर, थोडं उत्तरेकडे, देवयानीचा धूसर ठिपका साध्या डोळ्यांनी दिसतो. मोबाईलमधला आकाशाचा नकाशा जागा दाखवील. अल-सूफींनी लिहून ठेवलेला ‘लहानसा ढग’ तो हाच. मुलांना विचारा, काय दिसतं? आणि जे दिसलं तेवढंच, तारीख-वेळ घालून, वहीत लिहायला सांगा.